हावळअण्णांचं बोट

"सकाळी साडेनऊला मारवा," इंगळेबाई म्हणाल्या. "सर, हा संध्याकाळचा राग आहे, एवढं तरी तुम्हाला कुणी सांगितलं असेल."

"संध्याकाळी वीज येते, बाई," मी म्हणालो. "वीज आली की माग सुरू. मारव्यालाच सकाळी उठावं लागेल."

"उठंल की," मोमीनभाई म्हणाला. "आम्ही उठलोय."

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या, आणि सुताच्या बाचक्यांवर बसलेल्या माणसांनी डोळे मिटले.

माझे उघडे राहिले. मशीनवर बसणाऱ्यानं डोळे मिटायचे नाहीत, असा आमच्या मंडळाचा नियम होता. आज माझ्याकडून कॅसेट दोनदा उलटी बसली. निपाणीला तीन वर्षं खेपा घालून मिळवलेली कॅसेट होती ती. तिच्यात एक जागा होती, आणि त्या जागेला आज चार बोटं वर झाली नाहीत, तर मी मंडळ सोडणार होतो. तसं मी बायकोला सांगून आलो होतो. ती म्हणाली होती, "येताना कोथिंबीर आणा."

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, इचलकरंजीतली. गावात तेव्हा जिकडे बघावं तिकडे यंत्रमाग. माग चालू असताना गाणं ऐकणं म्हणजे खडी फोडायच्या मशीनखाली उभं राहून गुपित सांगण्यासारखं. आमच्या भागाची वीज शुक्रवारी दिवसभर बंद असायची, तेवढाच एक दिवस गाव शांत. पण वीज नाही म्हणजे टेपही नाही. यावर बशीर मोमीननं उपाय काढला होता. त्याचं ट्रकच्या बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. दर शुक्रवारी तो एक बॅटरी सायकलच्या कॅरिअरला बांधून आणायचा. मी मोडीत निघालेल्या मोटारीतला टेप एका लाकडी खोक्यात बसवून त्याला दोन स्पीकर जोडले होते. पॉलिटेक्निकमध्ये मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचो; चार वर्षांपूर्वी मंडळात मला बोलावून घेतलं ते त्यासाठीच, असं मी धरून चाललो होतो.

जागा भूपाल मगदूमांच्या सुताच्या गोडाऊनची. मगदूम सुताचे व्यापारी. चारी बाजूंना छतापर्यंत बाचकी, त्यामुळे आतला आवाज बाहेर जात नसे आणि बाहेरचा आत येत नसे. मुंबईत म्हणे असल्या खोल्या मुद्दाम बांधतात.

मंडळाचं काम एकच. गाण्यात अशी एखादी जागा असते की तिथं अंगावर काटा येतो. का येतो ते सांगता येत नाही. ती जागा धरायची. ज्याची पाळी त्यानं चार-पाच मिनिटांचा तुकडा लावायचा, जागा कुठं आहे ते सांगायचं नाही. ऐकणाऱ्यांनी डोळे मिटून ऐकायचं आणि जागा आली की बोट वर करायचं. बोटं मी मोजायची. ऐकणाऱ्या सगळ्यांची बोटं एका ठिकाणी वर झाली तर जागा मान्य, आणि इंगळेबाई ती निळ्या वहीत लिहून घ्यायच्या. एक जरी बोट कमी पडलं तर जागा फेटाळली. कारण विचारायचं नाही, दाद नाही, फिर्याद नाही. तुकडा मध्येच थांबवला तरी फेटाळली. बाई कन्याशाळेत गणित शिकवायच्या, आणि नियम त्यांनीच केले होते.

वहीत एकाहून एक जागा होत्या. एका जुन्या सिनेगीतात दुसऱ्या कडव्याआधी गायिका श्वास घेते, तो श्वास, ही बाईंची. "कडवं सोडा हो," त्या म्हणायच्या, "कडवं कुणीही म्हणेल. हा श्वास घेऊन दाखवा." मगदूमांची एक तबकडी होती, कॅसेटवर उतरवून घेतलेली. तीन मिनिटांत गाणं संपवायच्या घाईत गवई शेवटची तान अर्धीच टाकतो आणि दम लागलेल्या आवाजात स्वतःचं नाव सांगतो. त्या नावातला दम. ती जागा मान्य झाली त्या दिवशी मगदूमांनी गोडाऊनमध्ये विडी ओढू दिली होती, म्हणजे बघा.

आणि या सगळ्यांच्या वर हावळअण्णांचं बोट.

सिद्धाप्पा हावळ. वय एकाहत्तर. चाळीस वर्षं मागांवर जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारायची तो माणूस. धोतर, काळी टोपी, आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर डोळ्यांवर बशीएवढा काळा चष्मा. बोलणं मोठ्यानं, पण त्यात विशेष काही नाही. आमच्या गावात मागावर काम केलेला प्रत्येक माणूस बाळाला अंगाईसुद्धा ओरडूनच म्हणतो. अण्णांनी तरुणपणी भलेभले गवई समोर बसून ऐकले होते. त्यांचं बोट चुकत नसे. बाकीच्यांची बोटं कधी घाईनं वर व्हायची, शरमून खाली यायची. अण्णांचं एकदाच, सावकाश, नेमकं.

फक्त माझ्या जागांना ते वर होत नसे.

चार वर्षांत मी चार जागा आणल्या होत्या. चारही वेळा तीन बोटं वर झाली. चौथं अण्णांच्या मांडीवर पडून राहिलं. बरं, मी कसलीही खूण देत नव्हतो. एरवी माझं तोंड म्हणजे चावडीवरचा फळा. बसमध्ये कंडक्टर मला विचारतो, "काय झालं, स्टॉप चुकला?" आणि चुकलेला असतो. पण माझ्या जागेच्या वेळी मी तोंड दगडासारखं करून बसायचो. बोटं मोजणाऱ्यानंच गालात हसायचं, हे स्वतःच्या पोराचा पेपर तपासण्यासारखं झालं. कुणी बघत नसलं म्हणून काय झालं, तत्त्व म्हणून. पहिल्या वर्षी मला वाटलं, माझी जागाच हलकी असेल. दुसऱ्या वर्षी वाटलं, कान तयार नाही. तिसऱ्या वर्षी वाटलं, म्हाताऱ्याच्या मनात माझ्याविषयी काहीतरी आहे. चौथ्या वर्षी मी निपाणीच्या खेपा वाढवल्या.

निपाणीत औषधाचं दुकान चालवणाऱ्या एका गृहस्थानं अडुसष्ट साली गोदूबाई संकेश्वरकरांची मैफल घरच्या स्पूल-रेकॉर्डरवर घेतली होती. ते स्पूल तो कुणाला देत नसे. मी त्याचा रेडिओ दुरुस्त केला, भावाचा पंखा दुरुस्त केला, शेवटी सासऱ्याची पाण्याची मोटर दुरुस्त केली तेव्हा त्यानं कॅसेट भरून दिली.

जागा अशी होती. मारव्यात षड्ज लांब ठेवतात. गाणारा त्याच्याभोवती फिरत राहतो आणि ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. गोदूबाईंनी तर कहर केला होता. सगळीकडं जाऊन येतात, षड्जाच्या उंबऱ्यापर्यंत येतात आणि वळतात. तबलजी समेवर येतो. गोदूबाई गप्प. सम रिकामी जाते. पुन्हा आवर्तन फिरतं, पुन्हा सम येते, पुन्हा रिकामी. आणि मग श्रोत्यांतली कुणी म्हातारी, अगदी घरात बोलावं तशी, म्हणते, "ये की गं आता." त्यावर गोदूबाई हसतात. ते हसणं आवाजात मिसळतं आणि त्या हसण्यातच षड्ज लागतो. मी ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा दुकानदाराच्या गल्ल्यावर डोकं टेकून रडलो होतो. गिऱ्हाइकांना वाटलं, औषध मिळालं नाही.

तर मी बटण दाबलं.

पहिली दोन मिनिटं छान गेली. मगदूमांची मान डोलत होती. मोमीनभाईच्या बोटाची चुळबूळ चालली होती. त्याला प्रत्येक तानेला बोट वर करावंसं वाटतं आणि तो ते दुसऱ्या हातानं धरून ठेवतो. मी दगड. गोदूबाई पहिल्यांदा उंबऱ्याशी आल्या, वळल्या. मी अजूनही दगड. पहिली सम रिकामी गेली. आता एक आवर्तन. फक्त एक.

आणि आवाज गेला.

कॅसेट फिरत होती, बॅटरी चालू होती, पण स्पीकरमधून चकार शब्द नाही. मी खाली बघितलं. खोक्यातून दोन्ही स्पीकरना जाणारी वायर निसटून बाहेर आली होती. टेप थांबवली तर जागा फेटाळली. नाही थांबवली तर "ये की गं आता" माझ्या मांडीसमोर, त्या खोक्यात, मुक्यानं होऊन जाणार. मी वायरचं टोक धरलं आणि भोकात घालू लागलो. टोक बसेना. आवर्तन आत चाललं होतं, मी मनात मात्रा मोजत होतो, पाच, सहा, आणि माझं तोंड कसं झालं असेल ते मला सांगता यायचं नाही. दगड केव्हाच फुटला होता.

मी वर बघितलं. इंगळेबाईंचे डोळे मिटलेले. मगदूमांचे मिटलेले. मोमीनभाईचे मिटलेले. तिघंही देवळात बसल्यासारखे शांत.

आणि हावळअण्णांचं बोट वर होतं.

टेपमधून काहीही येत नव्हतं. त्या काहीही-नाहीला अण्णांनी बोट वर केलं होतं. सावकाश, नेमकं, जसं गेली चार वर्षं दुसऱ्यांच्या जागांना करायचे तसं. माझ्या जागेला पहिल्यांदाच.

मी अण्णांकडं बघत राहिलो. त्या काळ्या चष्म्यामागून ते माझ्याकडं बघत होते. किती वेळ, कोण जाणे. मात्रा चुकल्या माझ्या. मग अण्णांचं बोट हळूच वळलं, चष्म्याकडं गेलं, चष्मा नीट केला आणि खाली मांडीवर आलं.

वायर भोकात बसली. आवाज आला तो थेट समेच्या अलीकडं. सम. गप्प. रिकामी.

"ये की गं आता."

वायर मी दोन्ही हातांनी दाबून धरली होती. मला तोंड पुन्हा दगड करता आलं असतं असं आज वाटतं. तेव्हा काय झालं ते एवढंच सांगतो, की गोदूबाई हसल्या, त्या हसण्यात षड्ज लागला, आणि मी अण्णांकडं तोंड करून सगळंच्या सगळं उघडं सोडलं.

चार बोटं.

"किती?" बाईंनी मिटल्या डोळ्यांनी विचारलं.

"चार."

मग एकच गोंधळ झाला. मोमीनभाईनं मला उचललं. मगदूमांनी भज्यांना माणूस पिटाळला आणि दोनदा परत बोलावून "कांदा, कांदा" असं बजावलं. बाईंनी वही काढली, पण पेनाचं टोपण काढायच्या आधी तीन वेळा नाक पुसलं.

"ती म्हातारी कोण असंल हो?" मोमीनभाई म्हणाला.

"कुणाची तरी आई असेल," बाई म्हणाल्या. "आईशिवाय असं कोण बोलावतं?"

"मला तर वाटलं, मीच म्हणालो," मगदूम म्हणाले. "शपथ सांगतो. माझ्या तोंडात तेच होतं. अण्णा, ऐकलासा का, ती म्हातारी काय म्हणाली..."

"भूपालराव," इंगळेबाई म्हणाल्या, "भजी आली का बघा बरं."

"आत्ता तर माणूस गेला."

"बघा तरी."

मगदूम उठले. अण्णा मोठ्यानं म्हणाले, "लई झ्याक. लई झ्याक लावलंसा सर." आणि चहाच्या कपात बघत राहिले. चार वर्षं मी या वाक्यासाठी थांबलो होतो. भजी गरम होती. मी कोथिंबीर विसरलो.

रात्रभर विचार केला आणि शनिवारी सकाळी अण्णांना गाठायला गेलो. त्यांच्या मुलाची मागांची शेड होती. अण्णा अजून रोज तिथं असायचे. वीज आलेली, चोवीस माग एकदम चाललेले. आत पाऊल टाकलं की आवाज कानात शिरत नाही, छातीत शिरतो. अण्णा एका मागावर तळवा ठेवून उभे होते. त्यांनी कारागिराला काहीतरी सांगितलं, ओठ हलले फक्त. त्यानं मान हलवून माग बंद केला आणि पाना उचलला.

मी अण्णांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडलो, "अण्णा, बोलायचं होतं!"

त्यांनी मला खांद्याला धरून समोर उभं केलं. स्वतः मात्र माझ्या कानाशी वाकून बोलले, तेव्हा कुठं मला ऐकू आलं.

"वरडू नगा. समोर ऱ्हावा आन् नुसतं बोला. हितं समदी तोंडं बघूनच बोलत्यात. चाळीस वर्सं झाली."

त्या शेडमध्ये बहिरा मी होतो. मी हळू बोललो, मलाच माझं ऐकू येईना, पण अण्णांना सगळं पोचलं.

"कान जाऊन किती दिवस झाले?"

"उजवा जाऊन लई दिस झालं. डावा पाच वर्सांमागं गेला. आता घुमतं नुसतं."

"आणि बोट?"

"तुमच्या तोंडावर दिसतं की," ते म्हणाले. "जागा आली की पैलं कपाळ मोकळं हुतं. मग खालचा व्हट. मग कायबी न्हाई, तुमी श्वास घ्यायचं थांबतासा. तवा बोट वर."

"मग माझ्या चार जागा?"

"तवा तुमी शटर वढून बसलेलं. म्या म्हटलं, ह्येला सवताला आवडलं न्हाई, तर म्या कशाला बोट वर करू?"

चार वर्षांचं तत्त्व असं एका वाक्यात मागाखाली गेलं.

मला हसू आलं, पण अण्णा हसत नव्हते. त्यांनी मागावरचा हात काढला आणि धोतराला पुसला. "काल म्या घावलो. पुढच्या शुक्रवारी न्हाई येत. तुमी सांगा त्यास्नी कायबी. गुडघं दुकत्यात म्हणा."

"अण्णा, मी काही..."

"ऐका. सहा दिस हे माग अंगात वाजत्यात. कानाला न्हाई, हाडाला. बरं वाटतं. शुक्रवारी समदं थांबतं. बायकू गेल्यापासनं शुक्रवारी घरात बसलं की आपून हाय का न्हाई, तेच कळत न्हाई. तितं आलं की तुमच्या तोंडावर कायतरी हलतं, ते बघून मला जुनं आठवतं, आन् वाजतं आत. पर ते ऐकणं न्हवं सर. ते खोटं हाय. बाईंच्या वहीत माझ्या नावानं पाच वर्सांचं खोटं लिवलंय."

मग त्यांनी एक जुनी आठवण काढली. लाट गावच्या भजनात एकदा, ते विशीत असताना, पखवाजाची पुडी ऐन गजरात फाटली होती. वाजवणारा थांबला नाही. पखवाज बाजूला ठेवून त्यानं स्वतःच्या मांडीवर ठेका धरला. साठ माणसं टाळ कुटत होती. मांडीचा आवाज कुणाला येणार? "कुणाला न्हाई आला. पर बघितलं समद्यांनी. आन् ठेका कुणाचा चुकला न्हाई. माझी जागा ती. वहीत लिवता येत न्हाई, टेप न्हाई तिची."

त्या चोवीस मागांमध्ये त्यांनी मांडीवर हात मारून तो ठेका मला दाखवला. मी बघितला. आवाज अर्थातच आला नाही. माझं काय झालं ते अण्णांनी बघितलं असणार, कारण ते हात थांबवून म्हणाले, "बघा. कपाळ."

रविवारी मी इंगळेबाईंच्या घरी गेलो. अण्णांचं नाव घ्यायचं नाही असं ठरवून गेलो होतो. सरळ म्हणालो, "बाई, माझी जागा वहीतून खोडा."

बाई भरलेली वांगी करत होत्या. "का?"

"मोजताना चूक झाली. तीनच बोटं होती."

"चार होती म्हणालात."

"चौथं धरण्यासारखं नव्हतं."

बाईंनी गॅस बारीक केला आणि माझ्याकडं वळल्या. नववीच्या वर्गाकडं बघायच्या तशा. "वायर किती वेळ निघाली होती?"

मी वांग्यांकडं बघितलं.

"अकरा सेकंद," बाई म्हणाल्या. "मोजत होते मी."

"तुम्हाला कळलं होतं?"

"न कळायला काय झालं? गाणं बंद पडलं की न ऐकणाऱ्यालासुद्धा कळतं. मगदूमांना कळलं, बशीरला कळलं."

"मग डोळे का नाही उघडलेत?"

"उघडले असते तर काय दिसलं असतं, सांगता येत नव्हतं," बाई म्हणाल्या. "म्हणून नाही उघडले."

मी स्टुलावर बसलो. बाईंनी माझ्यापुढं पाणी ठेवलं आणि पुन्हा वांग्यांकडं गेल्या. पाठमोऱ्याच बोलत राहिल्या. "आधी आम्ही उघड्या डोळ्यांनीच ऐकायचो. पाच वर्षांपूर्वी अण्णांचं बोट डगमगायला लागलं. आमच्याकडं बघून वर करायचे, आणि बघताना पकडले गेले की चोरासारखे व्हायचे. एवढा मोठा माणूस. मग मी नियम केला, डोळे मिटा. म्हणजे त्यांना बघायला मोकळीक. फक्त एकानं उघडे ठेवायचे, त्याच्यावरून त्यांना कळावं म्हणून. मशीनवर तेव्हा मगदूम बसायचे. मगदूमांचं तोंड तुम्ही बघितलंय. सुताचं बाचकं बरं. सहा महिने अण्णांचं एक बोट वर झालं नाही. मग आम्ही माणूस शोधायला लागलो."

"माणूस?"

"मोटारस्टँडवर बशीरनं तुम्हाला बघितलं. पानपट्टीच्या रेडिओवर कुणी गात होतं आणि तुमची बस निघून गेली. तो येऊन म्हणाला, बाई, एक मास्तर सापडलाय, त्याच्या तोंडावर बातम्यासुद्धा दिसतात."

"मला वाटलं, इलेक्ट्रॉनिक्स..."

"ते बरंच झालं की. बोनस." बाईंनी वांगं उलटलं. "पण स्वतःच्या जागेला तुम्ही तोंड मुडद्यासारखं का करायचात, ते देवाला ठाऊक. मी एकदा किलकिल्या डोळ्यानं बघितलं. वाटलं, जाऊन एक चापट मारावी. सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर तुम्ही मुद्दाम करायला लागला असतात, आणि ते अण्णांनी लगेच ओळखलं असतं."

"मग आता सांगितलंत ते?"

"आता तुम्हाला कळलंच आहे. आता तुमचं तुम्ही बघा." मग वांग्यांवर झाकण ठेवत म्हणाल्या, "जागा खोडणार नाही. तीन बोटं आमची. चौथं तुमचं. आपल्या जागेला माणसानं एकदा तरी बोट वर करावं."

"अण्णा येणार नाहीत म्हणतायत."

"गुडघे?"

"गुडघे."

"बशीर बॅटरी आणतो त्या सायकलवर त्यांनाही आणेल," बाई म्हणाल्या, आणि विषय संपला.

आठवडाभर मी आरशासमोर उभा राहत होतो. तोंड आपलं आपण कसं होतं, ते बघायला लागलं की होतच नाही. कपाळ मोकळं करून बघितलं. दाढ दुखल्यासारखं दिसलं. बायको म्हणाली, "नाटकात घेतलंय का?" खोटं करायचं नाही आणि खरं मागवून येत नाही, अशा अवस्थेत शुक्रवार उजाडला.

अण्णा आले होते. मोमीनभाईनं त्यांना कसं आणलं ते विचारलं नाही. ते नेहमीच्या बाचक्यावर बसले, माझ्याकडं बघितलं नाही. मोमीनभाईची पाळी होती. त्याच्या पुतण्याच्या लग्नाची वरात त्यानं हातातल्या टेपवर घेतली होती.

"वरात?" मगदूम म्हणाले.

"ऐका तरी. आमच्या घरात कुणाला कळलं नाही, म्हणून हितं आणलंय."

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या.

बटण दाबलं आणि माझं धाबं दणाणलं. नुसता कल्ला. ढोल, ताशा, शिट्ट्या, कुणीतरी "अरे गाडी मागं घ्या" म्हणतंय, क्लॅरिनेट सिनेमातलं काहीतरी फाडून खातोय. यात तोंडावर येणार काय? मी अण्णांकडं बघितलं. आता ते बघत होते. मी कपाळ मोकळं केलं. वाटलं, दाढ दुखल्यासारखं दिसत असणार. अण्णांचा हात मांडीवर पडलेला. तेवढ्यात टेपमध्ये दुरून दुसरा बँड ऐकू यायला लागला. चौकात समोरून दुसरी वरात आली होती. दोन गाणी, दोन ठेके, एकमेकांत शिरून सगळ्याचा चिखल झाला. माणसं ओरडायला लागली. दोन्ही क्लॅरिनेट एकमेकांना हरवायला वर वर चढायला लागले, आणखी वर, चिरकायच्या बेतात, आणि तिथं, त्या चिखलाच्या डोक्यावर, दोघांना एकदम एकच सूर सापडला.

एकच. दोघांनी तो धरून ठेवला. खाली दोन्ही ताशे एकमेकांवर आपटत होते ते अडखळले, आणि एका ठेक्यावर आले. ओरडणारी माणसं गप्प झाली. चार सेकंद, फार तर पाच, दोन लग्नांची मिळून एकच वरात चालली होती. मग गाड्या एकमेकींना ओलांडून गेल्या, सूर मधोमध उसवला आणि जो तो आपल्या आपल्या नवऱ्यामागं निघून गेला.

कॅसेट संपून खट्‌ झालं तेव्हा मला कळलं की माझे डोळे मिटलेले होते.

"किती?" बाईंनी विचारलं.

"मोजली नाहीत," मी म्हणालो. "माफ करा. मी... मोजायचं राहिलं."

मोमीनभाई बिचारा बोट अजून वरच धरून बसला होता.

"चार," हावळअण्णा मोठ्यानं म्हणाले. "लिवा बाई, चार. आज लई स्वच्छ ऐकू आलं."

इंगळेबाईंनी वही उघडली. मगदूमांनी डोळे उघडले, अण्णांच्या समोर तोंड येईल असे वळले आणि अगदी गंभीरपणे म्हणाले, "पुढच्या खेपेला आवाज थोडा वाढवूया का, अण्णा?"

अण्णांनी विचार केला. मग मान हलवली.

"नगो," ते म्हणाले. "हाय त्येवढा बास."